पत्र्याचा कूलर, जंगलातला लॉज आणि बंद खिडक्या

जळगाव जिल्ह्यात, सातपुड्यातल्या पाल गावाला जंगलाच्या कडेला एक छोटा लॉज आहे. मार्चअखेरपासून पहिला पाऊस पडेपर्यंत तिथं पाहुण्यांचं मी बघतो. मी सावद्याकडचा. घरची केळी धाकटा भाऊ सांभाळतो, मी उन्हाळा इथं वर काढतो. पाच खोल्या, स्वयंपाकाला पाड्यावरच्या दोन मावशी, वरकामाला एक पोरगा आणि मी. मागच्या वर्षी मालकांनी एसीचा नाद सोडून पाचही खोल्यांना रावेरहून पत्र्याचे कूलर करून आणले. दोन उन्हाळे झाले त्याला. कोणी सातपुड्यात असा लॉज किंवा होमस्टे काढणार असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

एक कूलर स्टँडसकट ७,२०० ला पडला. २२ गेजचा पत्रा, १८ इंची पंखा, तिन्ही बाजूंना गवत, ९० लिटरची टाकी. कंपनीचा प्लास्टिकचा कूलर दिसायला गोजिरवाणा, पण त्यातलं काही गेलं की त्याच मापाचं शोधत जळगाव गाठावं लागतं. याचा पंप रावेरला कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात अडीचशेला मिळतो आणि पाच मिनिटांत बदलून होतो. मी दोन वर्षांत चार बदलले. त्यातले तीन टाकी कोरडी पडून जळाले, म्हणजे चूक आमचीच.

गारवा म्हणाल तर जोरदार. एक पाहुणे थर्मामीटर विसरून गेले होते, तो मी मे महिन्यात भर दुपारी धरून पाहिला. ओसरीवर ४३, कूलरच्या तोंडाशी २८. लाइट गेली की इन्व्हर्टरवरही चालतो. एसी चालला असता का? आणि इथं लाइट जाते ती सांगून जात नाही.

आता मुद्द्याचं. हा कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवलाय आणि समोरची दुसरी खिडकी उघडी ठेवली तरच तो काम करतो. बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत येते, पाणी उडून जाताना तिची उष्णता घेतं, आणि हवा थंड पण दमट होते. ती दमट हवा बाहेर जायला वाट हवी. वाट नसेल तर तासाभरात खोलीचं न्हाणीघर होतं. चादर ओलसर, पापड मऊ, अंगाला चिकचिक. हे खान्देशातल्या पोराला शिकवावं लागत नाही. भुसावळचं पाहुणं आलं की सामान ठेवायच्या आधी खिडकी उघडतं. पण बाकीच्यांना एसीची सवय. आत शिरले की दार बंद, खिडकी बंद, पडदा ओढला, आणि पाऊण तासात हाक येते. पुण्याचे असले तर "दादा, कूलर कूलिंगच करत नाहीये". इंदूरचे असले तर "भैया, इसमें बरफ डालो".

मी जातो, खिडकी उघडतो, परत येतो. मी ओसरीपर्यंत पोचेस्तोवर ती पुन्हा लागलेली असते. कारण विचारलं तर किडे येतील. खिडक्यांना बारीक जाळ्या ठोकल्या. मग म्हणाले, बिबट्या येईल. आता जाळीच्या आणि गजांच्या खिडकीतून बिबट्या कसा येणार, आणि आला तरी तुमच्या खोलीत त्याचं काय काम? तरी एका ताईंनी रात्रभर खिडकीला सुटकेस लावून ठेवली होती. इथलं यावल अभयारण्य १९६९ सालचं, १७७ चौरस किलोमीटरचं. एवढं जंगल बघायला माणूस घाट चढून येतो आणि पहिलं काम करतो ते खिडकी लावून घेण्याचं. या वर्षी मी समोरच्या खिडकीची कडीच काढून टाकली. तक्रारी निम्म्यावर आल्या.

दुसरी गोष्ट पाणी. भर उन्हात हा गडी तासाला बादलीभर पाणी पितो. भरलेली टाकी दुपारी पाच-सहा तासांत तळाला. रात्री वेग कमी असतो तरी एकदा उठावंच लागतं. पाच कूलर मिळून दिवसाचं हजार लिटरच्या घरात जातं. बोअर मे महिन्यात अर्धा तास पाणी देऊन दम खाते, त्यामुळे पाहुणे सुकी नदीवर फिरायला किंवा गारबर्डी धरणाकडे गेले की पोरगा आधी पाचही कूलर बंद करतो. एका साहेबांनी यावरून वाद घातला, परत येईपर्यंत खोली थंड पाहिजे म्हणाले. त्यांना मी बोअरपाशी नेऊन उभं केलं.

बोअरचं पाणी जड आहे. महिनाभरात गवतावर पांढरा थर धरतो आणि हवा कमी येते. गवत म्हणतात, असतो तो लाकडाचा कीस. मालक विचारत होते, गवताऐवजी हनीकॉम्ब, म्हणजे ते पुठ्ठ्याच्या भोकाभोकांचं पॅड, बसवायचं का, तीन वर्षं टिकतं म्हणतात. गोड्या पाण्यावर टिकत असेल. इथं क्षाराने त्याची भोकं बुजली की ते धुवायचं कसं? गवत बरं, पाडव्याला नवं भरायचं, पावसाळ्यात फेकून द्यायचं. एका खोलीत मी गवतात मूठभर वाळा घातला होता. पंधरा दिवस असा वास, की जेवणाआधी माणसं तिथंच बसून राहायची.

गवताचा एक तोटा मात्र मला कोणी सांगितला नव्हता. एप्रिलच्या शेवटी पाणवठे आटायला लागले तशी वांदरं लॉजवर यायला लागली. एका दुपारी दोन नंबरच्या खोलीमागून कर्रकर्र आवाज. जाऊन पाहतो तर पोटाशी पिल्लू धरलेली एक वांदरी कूलरच्या मागे बसलेली. एका हाताने जाळी वाकवून गवताची वळकटी ओढायची, तोंडात धरून चोखायची, टाकायची, पुन्हा दुसरी. काळंभोर तोंड, हनुवटीवरून पाणी गळतंय, आणि पिल्लू तिच्या कोपरावरचे थेंब चाटतंय. मी पाच हातांवर उभा, तरी हलली नाही. दोन नंबरचे पाहुणे आत झोपलेले, त्यांना पत्ता नाही. त्यानंतर मागून जाड वेल्डमेश ठोकली, आणि झाडाखाली एक घमेलं भरून ठेवायला लागलो. घमेलं रोज भरावं लागतं. वेल्डमेशचे कूलरमागे दीडशे वेगळे धरा.

करंटबद्दल नीट ऐका, कारण पत्रा ओला, फरशी ओली आणि पाहुणा नुकताच अंघोळ करून आलेला. पहिल्याच वर्षी एका लहान मुलाला झिणझिणी बसली. नशीब, तेवढ्यावर निभावलं. वायरमन आला, तीन पिनची प्लग ठीक, वायर ठीक. मग त्याने अर्थिंगचा खड्डा उकरला तर आत राखेसारखी कोरडी माती. उन्हाळ्यात जमीनच कोरडी, अर्थिंग जाणार कुठं? मीठ-कोळसा नव्याने भरला, आणि तेव्हापासून रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की एक तांब्या त्या खड्ड्यात. शिवाय पाणी भरताना बटण बंद, हे पोराला दहादा सांगितलंय. आठवड्यातून एकदा टाक्या पूर्ण कोरड्या करून घासतो, नाहीतर डासांची अंडी. बेडूक मात्र किती काढले तरी येतातच.

आवाज आहे. घर्र घर्र. रातवा पक्ष्याचा आवाज ऐकायला आलेल्या माणसाने हा बंद करून अंगणात खाट टाकावी, खाटा आमच्याकडे आहेत. पण बुद्धपौर्णिमेला रात्रभर मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजून आलेली मंडळी सकाळी सातला परतली, तेव्हा त्यांना हीच घर्रघर्र अंगाईसारखी वाटली. शेवभाजी-भाकरीलासुद्धा कोणी उठलं नाही. उठल्यावर भरीत मागितलं. मे महिन्यात! बामणोदच्या वांग्याचं भरीत खायचं तर थंडीत या, तेव्हा कूलरही लागत नाही.

जूनमध्ये ढग दाटले की याचा खेळ संपतो. बाहेर ३७, कूलरपुढे ३२, आणि अंगाला गूळ लावल्यासारखं. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा.

एकूण माल चांगला, पैसे वसूल. चाकं मात्र रद्दी. पाचपैकी तीन कूलर सध्या विटेवर उभे आहेत विठोबासारखे, आणि आषाढीपर्यंत तसेच राहतील.