बोर्डन, डायफ्राम की डिजिटल? प्रेशर गेज निवडण्याआधी

गेज घेताना डायल केवढा आणि किती बारपर्यंतचा, एवढंच बहुतेक वेळा विचारलं जातं. खरं तर आधी ठरवायला हवं ते हे, की दाब कशाच्या तुलनेत मोजायचाय. हवा पूर्ण गेलेल्या टायरला गेज लावला तर काटा शून्यावरच राहतो. आत हवा असतेच, फक्त तिचा दाब बाहेरच्या इतकाच असतो, आणि साधा गेज या दोन्हींतला फरक दाखवतो. बाहेरचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १.०१३ बार, उंचावर त्याहून कमी.

पंप, कंप्रेसर, बॉयलर, टायर यांना हा फरक पुरतो. व्हॅक्यूमचं काटेकोर काम असेल तर अ‍ॅब्सोल्यूट गेजच (पूर्ण निर्वाताच्या तुलनेत मोजणारा) घ्या, कारण साध्या गेजवरच्या उणे ०.९ बारचा अर्थ जागेच्या उंचीनुसार बदलतो. फिल्टर तुंबलाय का हे पाहायचं असेल तर दोन ठिकाणच्या दाबांतला फरक थेट दाखवणारा डिफरन्शियल गेज. दोन्ही बाजूंना दोन साधे गेज लावून वजाबाकी करण्याचा मोह टाळा. ६ बारच्या लाइनवरचा ०.२ बारचा फरक त्या दोन गेजच्या चुकांतच बुडून जातो.

आता आतल्या यंत्रणेकडे. युजीन बोर्डन या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली नळी आजही बहुतेक गेजमध्ये आहे. चपट्या छेदाची, सी आकारात वळवलेली ही नळी दाब वाढला की थोडी उलगडते, तिचं बंद टोक सरकतं, आणि ती हालचाल दांडी व दातेरी चाकांमार्फत काट्यापर्यंत पोचते. बॅटरी नको, वायर नको. स्वच्छ पाणी, हवा, तेल यांसाठी माझी पहिली पसंती हीच. फक्त नळीचा धातू विचारा. अमोनिया तांब्याच्या मिश्रधातूंना खातो, तिथे ब्रास किंवा ब्राँझ चालत नाही, स्टेनलेस स्टील लागतं. वाफेच्या लाइनवर गेजआधी सायफन नळी हवीच. तिच्यात साचलेलं पाणी गरम वाफेला बोर्डनपर्यंत पोचू देत नाही.

गाळमिश्रित, घट्ट किंवा चिकट द्रव असेल तर बोर्डनच्या बारीक वाटेत तो अडकतो. तिथे डायफ्राम गेज सरस, कारण त्यात दाब थेट रुंद पडद्यावर येतो. गॅसच्या काही मिलिबार दाबासाठी मात्र कॅप्सूल गेज (दोन पातळ पडदे कडेने जोडलेली, दाबाने फुगणारी डबी असलेला) पाहा. साधा बोर्डन तिथे हलणारही नाही.

डिजिटलमध्ये आकडा स्पष्ट दिसतो, दाबाचा सर्वोच्च झटका नोंदवून ठेवणारी मॉडेलं मिळतात आणि एकक बदलता येतं. तपासणीसाठी हातात घेऊन फिरायला हे उत्तम. पण लाइनवर कायमचा बसवायला मी तो सहसा सुचवणार नाही. बॅटरी संपली की स्क्रीन कोरी. शिवाय दाब चढतोय की उतरतोय हे काट्यावर लांबून, एका नजरेत कळतं.

रेंजमध्येच सर्वात जास्त फसगत होते. अचूकतेचा क्लास १.६ म्हणजे चूक पूर्ण स्केलच्या १.६ टक्क्यांपर्यंत, वाचलेल्या आकड्याच्या नव्हे. ० ते १० बारच्या गेजवर कुठेही ०.१६ बार इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणजे १ बार वाचताना तब्बल १६ टक्के. म्हणून ‘असू दे जास्तीचा’ म्हणत ० ते ४० चा गेज घेऊ नका. स्थिर दाब स्केलच्या पाऊण भागाच्या आत ठेवा, आणि धडधडता असेल तर दोन तृतीयांशाच्या आत. ६ बारच्या कामाला ० ते १० योग्य.

पंपाजवळ काटा थरथरत असेल तर ग्लिसरीन भरलेला घ्या. थरथर शमते, चाकांची झीजही कमी होते. मात्र त्याच्या वरच्या बाजूला छोटा रबरी बूच असतो, त्यावर उघडण्याची खूण किंवा टोक कापण्याची जागा असेल तर बसवल्यावर तो उघडा. नाहीतर ग्लिसरीन तापून केसमध्ये दाब साठतो आणि कमी रेंजचा गेज चुकीचं दाखवतो. दाब सोडल्यावर काटा ज्या खिळीला टेकतो तिच्याकडेही लक्ष असू द्या. काटा शून्याच्या खाली घसरला असला तरी ती खिळी त्याला तिथेच अडवते आणि बिघाड दिसत नाही. खिळी नसलेला डायल मिळाला तर तोच घ्या.