सीपॅप मशीन आणि घरी येऊन बसवून देणारी सर्व्हिस, पुणे: ५ महिन्यांचा अनुभव

लांबलचक होणारे, पण फेब्रुवारीत मी स्वतः सीपॅप (झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून हवा सोडणारं मशीन) शोधत होते तेव्हा मराठीत कोणी धड काही लिहिलेलं सापडलं नव्हतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. ज्यांना घाई आहे त्यांनी मास्कबद्दलचं तेवढं नक्की वाचा, बाकी सोडलं तरी चालेल.

माझं वय ४६, राहायला कोथरूडला, नोकरी हिंजवडीला. थायरॉईडची गोळी ८ वर्षं चालू आहे. गेली २-३ वर्षं सकाळी उठल्यावर डोकं जड, रात्री दोनदा तरी बाथरूमला उठायचं, आणि ८ तास झोपूनसुद्धा अंगात काही राहिलं नाही असं वाटायचं. सगळ्यांनी सगळं सांगून झालं, हिमोग्लोबिन बघ, पाळी जायचं वय आहे, थायरॉईडचा डोस वाढव, लवकर झोपत जा. घोरते हे मला माहीत होतं पण बाई घोरते म्हणल्यावर घरात हसण्यावारी नेतात आणि मलाही लाज वाटायची, त्यामुळे डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही. हे चुकलं. थायरॉईड कमी असणाऱ्यांना आणि पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांना स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार) शक्यता वाढते हे मला नंतर कळलं, म्हणजे ज्या दोन गोष्टींवर सगळं ढकललं जात होतं त्याच दोन गोष्टींमुळे टेस्ट आधी व्हायला हवी होती.

शोधलं ते मुलीने. तिची बारावी, जानेवारीत रात्री २ पर्यंत हॉलमध्ये अभ्यासाला बसायची आणि आमच्या खोलीचं दार उघडं असायचं. एके दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाली, आई तू रात्री श्वास घ्यायची थांबतेस. मला वाटलं हिला झोप येत असेल. तर तिने मोबाईल काढला, स्टॉपवॉच लावून तिने लिहून ठेवलं होतं, २६ सेकंद, १९, ३१, २२, आणि प्रत्येकाच्या पुढे वेळ. शेवटी लिहिलं होतं, "मग एकदम जोरात श्वास घेते." नवरा बाजूलाच झोपलेला असतो पण त्याची झोप गाढ, त्याने कधी ऐकलंच नाही. पोरीने बोर्डाच्या परीक्षेच्या आधी रात्री जागून हे लिहावं याचं मला फार वाईट वाटलं, आणि त्याच आठवड्यात चेस्टच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

स्लीप स्टडी घरीच झाली. संध्याकाळी माणूस येऊन छातीला पट्टा, नाकाला नळी आणि बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावून गेला, सकाळी येऊन काढून नेलं. रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा बघायचा, म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास निदान १० सेकंद बंद पडला किंवा बराच कमी झाला. ५ च्या खाली नॉर्मल, १५ पर्यंत माइल्ड, ३० पर्यंत मॉडरेट, त्याच्या वर सिव्हियर. माझा ३४. रक्तातला ऑक्सिजन ७८ टक्क्यांपर्यंत खाली गेलेला. डॉक्टरांनी ८ प्रश्नांचा एक फॉर्मही भरून घेतला, वाचताना, टीव्ही बघताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती वगैरे, २४ पैकी मार्क असतात आणि १० च्या वर गेलं की दिवसा नको तेवढी झोप येते असं धरतात, मला १६ मिळाले. गाडीच्या प्रश्नाला खरं उत्तर लिहिताना हात थांबला होता, कारण वाकडच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये माझा डोळा लागला होता आणि मागच्याच्या हॉर्नने जाग आली होती. घरी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मशीनचं काम तसं साधं आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाचा रस्ता मिटतो, तो मिटू नये म्हणून मशीन मास्कमधून सतत थोड्या दाबाने हवा सोडतं. ऑक्सिजनचं मशीन नाहीये हे, घरातलीच हवा असते, सासूबाईंना हे चार वेळा सांगावं लागलं कारण नळी बघून त्यांना हॉस्पिटलच आठवायचं. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा मांडली, तेव्हा व्हॅक्यूम क्लिनरसारखी मोटर वापरली होती म्हणे. आताचं मशीन डबलरोटीएवढं आणि आवाज आमच्या पंख्यापेक्षा कमी.

आता दुकानांचं. पहिल्या दुकानाचं नाव लिहीत नाही. तिथे काउंटरवर उभं राहूनच एक मोठा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क चेहऱ्याला लावून बघितला, मिडियम बसेल म्हणाले, पैसे घेतले, संपलं. रात्री प्रेशर वाढलं की वरच्या कडेतून हवा थेट डोळ्यात. मी पट्टे अजून आवळले तर नाकाच्या हाडावर लाल वळ, आणि हवा तरी येतच होती. तीन रात्री दीड-दोन तासाच्या वर टिकले नाही, सकाळी डोळे लाल. बदलून मागायला गेले तर म्हणे वापरलेला मास्क परत घेत नाही. हायजिनचा नियम मला मान्य आहे हो, पण मग विकण्याआधी नीट लावून बघायचं की नाही? साडेसहा हजार गेले. त्याहून वाईट म्हणजे मला वाटायला लागलं की हे आपल्याला जमणारच नाही, आणि खूप लोक इथेच मशीन कपाटात टाकतात.

डॉक्टरांनी मग भाड्याने मशीन देणाऱ्या एकांचा नंबर दिला, आणि हा सगळा रिव्ह्यू खरं तर त्यांच्याकडून आलेल्या मुलासाठी आहे. रविवारी सकाळी आला, पाठीवरच्या बॅगेत सात-आठ मास्क. मी खुर्चीवर बसले तर म्हणाला, "ताई, बसून नाही, रोज झोपता तशा आडव्या व्हा, उशी पण तीच घ्या." मग मशीन चालू करून प्रेशर वाढवलं आणि कुशीवर वळायला सांगितलं, पुन्हा दुसऱ्या कुशीवर. आडवं झालं की गालाचा आकार बदलतो, म्हणून बसून घेतलेलं माप रात्री चुकतं, ही एवढी साधी गोष्ट मला तोपर्यंत कोणी सांगितली नव्हती. चौथा मास्क बसला, फक्त नाकावरचा, स्मॉल. पट्टा त्याने आवळण्याऐवजी उलट सैल केला आणि मास्क एकदा चेहऱ्यापासून हलकेच उचलून परत सोडला, तेव्हा आतलं सिलिकॉन हवेने फुगून आपोआप चेहऱ्याला चिकटलं. डोळ्यात एक झुळूक नाही. मी दहा मिनिटं तशीच पडून राहिले. तो शांतपणे नवऱ्याला फिल्टर कसा बदलायचा ते दाखवत होता, घाई अजिबात नाही.

अजून दोन गोष्टी त्यानेच सांगितल्या. रात्री केसांना खोबरेल तेल लावून झोपायची माझी सवय, त्याने मागचा पट्टा सरकतो, तर तेल आता रविवारी सकाळी. आणि झोपताना अंबाडा न घालता मानेजवळ सैल वेणी. तोंडाला क्रीम लावून पण मास्क लावायचा नाही, रोज सकाळी मास्कची गादी साध्या साबणाने धुवायची, चेहऱ्याचा तेलकटपणा राहिला की लीक सुरू.

पहिले तीन आठवडे सोपे नव्हते. सुरुवातीचं प्रेशर ४ वर होतं आणि मला हवा कमी पडतेय असं वाटून घाबरायला व्हायचं, मी मास्क ओढून काढायचे. डॉक्टरांना फोन केल्यावर त्यांनी कमीत कमी प्रेशर ६ केलं आणि तो जीव घुसमटल्याचा प्रकार त्याच रात्री थांबला. म्हणजे हवा जास्त झाल्याने नाही, कमी झाल्याने घुसमटत होते. हे स्वतःच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना विचारा, पण विचारा नक्की. मध्ये काही दिवस हवा गिळली जाऊन सकाळी पोट फुगायचं, ते डोकं थोडं उंच ठेवल्यावर कमी झालं. दुपारी चहाच्या वेळी जागेपणी अर्धा तास मास्क लावून टीव्ही बघायची पण सवय केली, त्याचा खूप उपयोग झाला. एप्रिलच्या मध्यावर एक दिवस सकाळी जाग आली आणि डोकं दुखत नव्हतं. रात्रीत एकदाही उठले नव्हते. एवढ्या वर्षात विसरलेच होते की झोपून उठल्यावर असं वाटायचं असतं.

आता एएचआय २ च्या आसपास असतो, रोज साडेसहा तास तरी लावते.

पाण्याचं सांगते. ह्युमिडिफायरच्या (मशीनचा हवा ओलसर करणारा भाग) टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, फिल्टरचं नाही, क्षार बसतात. पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवून पंखा फुल केला की नळी गार पडते आणि आतल्या ओल्या हवेचं पाणी होतं, जुलैत एकदा रात्री नाकावर थेंब आले आणि नळीत गुडगुड आवाज. ह्युमिडिटी एक-दोन पायऱ्या कमी केली, नळीला कापडी कव्हर घातलं, मशीन उशीपेक्षा खाली ठेवलं, बंद झालं. लाईटचा प्रश्न पुण्यात कोणाला वेगळा सांगायला नको, गुरुवारचं बंद दिवसा असतं त्यामुळे चालतं पण पावसात रात्री गेली की हवा बंद होऊन जाग येतेच. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालतं, फक्त ह्युमिडिफायरचा हीटर बंद करायचा कारण जास्त वीज तोच खातो.

पैसे: भाडं महिना ४,००० आणि डिपॉझिट १०,०००. दोन महिने भाड्याने वापरून मग नवीन ५२,००० ला घेतलं, एक महिन्याचं भाडं त्यांनी किमतीतून वजा केलं. मेडिक्लेममध्ये सीपॅप सहसा न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असतं, त्यामुळे तिकडून आशा ठेवू नका. सेकंड हँड स्वस्त मिळतात पण जपून, फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतल्या फोमच्या प्रश्नामुळे बरीच जुनी मॉडेल्स परत मागवली होती, मॉडेल आणि सिरियल नंबर तपासल्याशिवाय घेऊ नका.

आता विकत का घेतलं ते. जूनमध्ये ऑफिसने ३ वर्षांसाठी इंग्लंडमध्ये लीड्सला जाशील का विचारलं. मुलीची ॲडमिशन पुण्यातच, नवऱ्याचं काम इथेच, म्हणजे गेले तर मी एकटी जाणार. जानेवारीत ही ऑफर आली असती तर मी आनंदाने हो म्हणून गेले असते, आणि तिथे बंद खोलीत रात्री श्वास थांबतोय हे मोजायला कोणी नसतं. हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो. म्हणून मी ऑफिसला सांगितलंय की डॉक्टरांनी ६ महिन्यांचा डेटा बघून ठीक म्हटल्याशिवाय तारीख देणार नाही, आणि बॉसने ते ऐकून घेतलं.

तिकडचं जे कळलं ते असं. व्हिसासाठी आपल्याला टीबीची टेस्ट लागते, अ‍ॅप्नियामुळे काही अडत नाही. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरतो, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, त्यावर एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) वापरता येतं आणि सीपॅप तिथे वापरायला फुकट देतात. पण आधी जीपीकडे (तिथला फॅमिली डॉक्टर) नाव घालायचं, मग तो स्लीप क्लिनिकला पाठवणार, मग त्यांची टेस्ट, आणि तोपर्यंतच्या रात्री मी काय करायचं? म्हणून स्वतःचं मशीन हवंच. व्होल्टेज तिकडे पण २३०, मशीनवर १००-२४० लिहिलेलं असतं, फक्त त्यांच्या चौकोनी तीन पिनांची वायर लागेल. गाडी चालवायची असेल तर नीट वाचा, मॉडरेट किंवा सिव्हियर अ‍ॅप्निया आणि दिवसा जास्त झोप येत असेल तर डीव्हीएलएला (तिथलं लायसन्सचं सरकारी खातं) कळवावंच लागतं आणि त्रास आटोक्यात येईपर्यंत गाडी चालवायची नाही. मला हा नियम अगदी बरोबर वाटतो, आपल्याकडेही कोणीतरी विचारायला हवं होतं मला.

सर्व्हिसबद्दल एकच कमी, वॉरंटी भारताबाहेर चालत नाही हे मी खोदून विचारल्यावर सांगितलं, आधीच सांगायला पाहिजे होतं. बाहेर जाणाऱ्यांनी पैसे देण्याआधी हे लेखी घ्या.

रंगीत तालीम म्हणून बहिणीकडे डोंबिवलीला शिवनेरीने मशीन घेऊन गेले. टाकी पूर्ण रिकामी करायची, नाहीतर पाणी मशीनच्या आत जातं. एक्स्टेंशन बोर्ड विसरले आणि पहिल्या रात्री पलंग भिंतीकडे ओढावा लागला, आता बॅगेत दोन मीटरची वायर कायम असते. विमानात मशीन केबिनमध्येच घ्यायचं, लगेजला टाकायचं नाही. डॉक्टरांकडून इंग्लिशमध्ये पत्र घेतलंय, त्यात निदान, एएचआय, प्रेशरची रेंज आणि मास्कचा साइज. मास्कच्या दोन जास्तीच्या गाद्या आणि सहा फिल्टर त्या मुलाला रविवारी आणायला सांगितलेत, आणि स्लीप स्टडीच्या रिपोर्टची कॉपी पासपोर्टच्या पाऊचमध्ये ठेवलीय.