मेलीसर्च: मराठी वर्कशीटच्या साइटवर सहा महिने वापरून (5 पैकी 4)

मी नागपुरात मानेवाड्याकडे राहतो, शिक्षकांसाठी मराठी वर्कशीट, सराव पेपर, टाचणं फुकट डाउनलोड करता येतील अशी साइट चालवतो. 300 पीडीएफ होत्या तोवर मायएसक्यूएल या डेटाबेसच्या लाइक या शोधायच्या कमांडवर भागून गेलं, पण आता 11 हजारांच्या वर गेल्या आणि जूनमध्ये बाकी महाराष्ट्रातल्या शाळा उघडल्या की सर्च बसायचंच, सहा-सात सेकंद नुसतं गोल फिरून राहायचं. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे दुसरी लाट परत तेव्हा. शब्दाच्या आधी टक्क्याचं चिन्ह लावून लाइक मारलं की साधा इंडेक्स (लवकर शोधायला डेटाबेसनं करून ठेवलेली सूची) कामी येत नाही, डेटाबेस एकेक ओळ वाचत बसतो, हे मला उशिरा कळलं.

वहिनी झेडपीच्या शाळेत आहेत, त्या एकदा म्हणाल्या, भाऊजी, पेपर आहे म्हणता पण सापडत तर नाही ना. ते फार लागलं. मग मेलीसर्च हे सर्च इंजिन टाकलं. ओपन सोर्स आहे म्हणजे कोड सगळ्यांना खुला, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, आपल्याच सर्व्हरवर चालतं. टाइप करता करताच रिझल्ट येतात, आणि कोणी घाईत शिश्यवृत्ती लिहिलं तरी शिष्यवृत्तीचे पेपर समोर येतात. डिफॉल्टला 5 अक्षरांपासून एक चूक आणि 9 पासून दोन चुका चालतात, सेटिंगमधून बदलता येतं. इयत्ता, विषय, माध्यम हे फिल्टर वेगळे ठेवले त्यामुळे पाचवी, ५वी, 5वी ही भानगडच मिटली. स्कॉलरशिप आणि शिष्यवृत्ती समानार्थी म्हणून एकदा भरून द्या, लगेच फरक दिसतो.

एक स्टार कापला तो विभक्तीसाठी. पाऊस शोधलं तर पावसावर निबंध आपोआप येणार नाही, मराठीचं सामान्यरूप त्याला कळत नाही, अशा जोड्या हातानंच भराव्या लागतात. मी रोज सर्चचा लॉग (कोणी काय शोधलं त्याची नोंद) बघतो, शून्य रिझल्ट आलेले शब्द उचलतो अन् यादीत टाकतो.

पण सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते 'दुसऱ्या सत्राचे पेपर' या एका सर्चनं. पेपर आहे, नावही तेच दिसते, तरी काही केल्या येईना. शेवटी अक्षरांचे कोड काढून पाहिले तेव्हा समजलं की हा ऱ्या दोन तऱ्हेनं टाइप होतो, एक नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ पासून आणि एक साध्या र ला हलन्त (पाय मोडायची खूण) आणि मध्ये न दिसणारं जोडायचं चिन्ह देऊन. स्क्रीनवर डिट्टो सारखे, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची ठरलेली पद्धत) केलं तरी ते एक होत नाहीत. आता इंडेक्समध्ये टाकायच्या आधी आणि सर्च करतानाही, दोन्हीकडे एकच रूप करून घेतो. मराठी साइटवाल्यांनो, कोणतंही सर्च इंजिन घ्या, हे आधी करा राजेहो.

सर्व्हर अगदी लहान घेऊ नका, इंडेक्सिंगच्या (ही सूची बनवायच्या) वेळी मेलीसर्च डिफॉल्टला दोन तृतीयांश रॅमपर्यंत घेऊ शकते. मी मोठी भर रात्रीच टाकतो.

कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या पीडीएफ अजून बाकी आहेत, त्यातला मजकूर बाहेर काढला की नुसती इंग्रजी अक्षरं निघतात. त्यांची नावं वहिनी आणि त्यांच्या शाळेतल्या दोन मॅडम दर रविवारी बसून युनिकोडमध्ये टाइप करून राहिल्या आहेत, सध्या चौथीच्या परिसर अभ्यासापर्यंत आलो.