वाड्याला व्हर्टिकल गार्डन : एक पावसाळा काढल्यावर

सदाशिव पेठेत आमचा वाडा आहे, म्हणजे उरलेला अर्धा. चौकातली एक भिंत जुन्या पातळ विटांची, चुन्यातली. लेकीच्या हट्टापायी तिथे ६ बाय ९ फुटांची हिरवी भिंत बसवून घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

आधी एक वेगळा माणूस येऊन गेला. "काकू, वॉटरप्रूफिंग मारतो, अँकर बोल्ट ठोकतो, दोन दिवसांत काम खलास." त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. याच भिंतीला वडिलांनी खालून सिमेंटचा गिलावा केला होता. चुना ओल पितो तशी सोडतोही. सिमेंटनं त्याचं तोंड बांधलं की ओल वर चढते. कमरेपर्यंत लोणा लागला होता, नखानं खरवडलं तरी तांबडी पूड पडायची.

दुसऱ्यांनी निदान ऐकून घेतलं. भाचा माद्रिदला असतो, त्यानं पाठवलेला तिथल्या कायशाफोरम या कलाकेंद्राचा फोटो मी त्यांना दाखवला. जुन्या वीजकेंद्राची विटांची इमारत, आणि तिथेच फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पात्रिक ब्लाँ यांनी केलेली ४६० चौरस मीटरची बाग, झाडं १५ हजार. पण ती बाग चढवलीय शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर. विटा मोकळ्याच! आमच्याकडे शेजारची भिंत नाही, म्हणून जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) चौकट फरशीवर स्वतःच्या पायांवर उभी केली. भिंतीला एकही भोक नाही. झाडांचं भिजलेलं एक पॅनल वाण्याच्या काट्यावर ठेवलं तर १२ किलो भरलं. अशी २४ पॅनलं त्या चुन्यात ठोकलेल्या बोल्टांवर लटकली असती.

भिंत आणि चौकट यांत त्यांना २ इंच पुरेसे वाटत होते. मी ६ इंचांवर अडून बसले, माझा हात कोपरापर्यंत आत जायला हवा म्हणून. श्रावणात टॉर्च मारून बघते तर सांध्यातून पिंपळाचं रोप डोकावतंय, दोन तांबूस पानं. कावळ्याची कृपा. मुळासकट उपटलं. २ इंचांत ते दिसलंही नसतं, आणि पिंपळानं फोडलेल्या भिंती बघायला आमच्या पेठेत फार लांब जावं लागत नाही.

आता तक्रार. ठिबकचा टायमर उन्हाळ्याच्या हिशोबानं लावून गेले. जुलैत वरून पाऊस, आतून ठिबक. खालची पन्हळ भरून पाणी थेट भिंतीच्या पायाशी. तीन फोन केले, माणूस नवव्या दिवशी आला. तोवर विटांवर क्षारांची पांढरी रेघ उमटली होती. ब्रशनं झाडून काढली, पण जीव खाली-वर झाला. पिटुनिया पंधरा दिवसांत गेले (फोटोसाठीच लावले असणार). नेचे, सिंगोनियम आणि ऱ्हिओ मात्र झकास.

खर्च ६८ हजार, माळ्याच्या दोन फेऱ्यांचे महिन्याला १,५०० वेगळे. आमचा वाडा हेरिटेज यादीत नाही. तुमचा असेल तर आधी महापालिकेत विचारा.

साडेतीन तारे. त्यातला अर्धा माळ्याचा. टायमरचा प्लग कुठला ते त्यानंच दाखवलं. आता आभाळ भरून आलं की मीच काढते.