सूर्यघर योजनेतलं ३ किलोवॅटचं सोलर: पाचपैकी साडेतीन स्टार

छतावर सोलर बसवून आठ महिने होत आलेत, आणि सोसायटीत जो भेटतो तो विचारतो बसवू का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. सिस्टीमला पाच पैकी पाच, उन्हाळ्यात दिवसाला १२-१३ युनिट आरामात, पावसाळ्यात बोंब, पण बिल जवळपास स्थिर आकारापुरतंच येतंय. सबसिडी ७८ हजार, पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० आणि तिसऱ्याला १८, त्याच्यावर कितीही लावा एक रुपया जास्त नाही.

मार्क कापलेत ते सर्व्हिसचे. योजना केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची, नियम ऊर्जा मंत्रालयाचे, देशभरचं काम बघायला आरईसी ही सरकारी कंपनी, आणि मीटर लावणार तुमची वीज कंपनी, म्हणजे आपण चार सासवांची सून. तरी अर्धं काम सुसाट झालं. पूर्वी फीजिबिलिटी म्हणून, म्हणजे तुमचं सोलर तिथल्या लाइनला झेपेल का ते तपासायला, इंजिनिअरची वाट बघत बसायचं, फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून १० किलोवॅटपर्यंत ती पायरीच उडवली, मला पोर्टलवर मंजुरी लगेच आली, चहा पण संपला नव्हता.

पण नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत पाठवलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर! त्याच नियमात १५ दिवस लिहिलेत, मला लागले सात आठवडे. मीटर शिल्लक नाहीत, मग टेस्टिंगला गेलेत, मग साहेब रजेवर. चिडलो होतो, पण नंतर विचार केला तर त्यांचं पण गणित कळतं, जास्त युनिट जाळून वरच्या स्लॅबने पैसे भरणारं गिऱ्हाईकच सोलर लावून निघून जातं, वीज कंपनीला त्यात काय आनंद? मंत्रालयाला हे माहीत नाही असं नाही, ७५,०२१ कोटींच्या योजनेत ४,९५० कोटी खास वीज कंपन्यांना प्रोत्साहन म्हणून ठेवलेत, ठरलेल्यापेक्षा जास्त रूफटॉप जोडलं की मिळणार. पण ते कंपनीला, माझी फाईल ज्याच्या टेबलावर पडलीये त्याला त्याचं काय! जी पायरी नियमातून काढूनच टाकली तिथे काम झालं, जिथे नुसती तारीख दिली तिथे फाईल झोपली.

मीटर लागल्यावर सबसिडी मात्र १९ दिवसांत खात्यात.

अजून एक, व्हेंडर २० हजार कमी सांगत असेल तर पॅनल डीसीआर आहेत का विचारा, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतातले. मला पहिल्याने नॉन-डीसीआरचं कोटेशन चिकटवलेलं, ते घेतलं असतं तर सबसिडी विसरा. आणि बिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या, माझा एक महिना त्यातच गेला.