शुभेच्छापत्रांसाठी घरी केलेला कागदी होल्डर: दिवाळी ते पावसाळा

मुलांनी हातानं केलेली शुभेच्छापत्रं कपाटात गेली की पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाहीत. म्हणून गेल्या दिवाळीआधी भिंतीवर टांगायचा तीन खिशांचा कागदी होल्डर घरीच केला. दिवाळी, नाताळ, संक्रांत त्यात झाली आणि बेळगावचा पाऊसही त्यानं झेलला. आता ठामपणे सांगते: सजावट मागाहून बघा, आधी खिशाला पोट ठेवा.

विकतचं कार्ड चपटं असतं. मुलांच्या कार्डावर टिकल्या, लोकर, घोटीव कागदाचा कंदील, संक्रांतीला तर चक्क तीळ चिकटवलेले असतात. सपाट पाकिटात घालताना हे सगळं खरवडून निघतं. माझं कार्ड ए-सिक्स, म्हणजे 10.5 बाय 14.8 सेंमी. खिशाची दर्शनी बाजू 12 रुंद, 9 उंच. दोन्ही कडांना आणि तळाला दीड सेंमी जाडी, तिच्यापुढे दीड सेंमीची चिकटवायची पट्टी. म्हणजे खिशाला 18 बाय 12 चा तुकडा, ए-फोरमधून दोन निघतात. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतले 3 सेंमीचे चौकोन कापायचे. पट्ट्या बाहेर दुमडा, म्हणजे आत कार्ड अडकत नाही. पाठीला 16 बाय 55 चा पुठ्ठा पुरतो.

कागद 250 जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचा घ्या. दुमडण्याआधी शाई संपलेल्या बॉलपेननं फूटपट्टी धरून रेघ दाबून घ्या, नाहीतर घडीवर कागद फुटतो. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघितला की कुठल्या दिशेनं तो सहज वाकतो ते कळतं. खिशाच्या लांब घड्या त्याच दिशेनं पाडाव्यात.

खरी परीक्षा जूनपासून. आमच्याकडे भिंतींना ओल धरते, खानापूरकडे तर विचारूच नका. पुठ्ठ्याच्या एकाच अंगाला कागद चिकटवला तर खळ वाळताना तो कागद आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून मागच्या बाजूलाही तसाच कागद लावला होता, आणि पुठ्ठा आजही सरळ आहे. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे, तेव्हा खळ शिजवायला वेगळं भांडं घ्यायचं आणि ते काम मोठ्यांनीच करायचं. बाहेरच्या भिंतीवर मात्र टांगू नका. आतल्या भिंतीवर, तेही मागं दोन बाटलीची बुचं चिकटवून, म्हणजे वारा खेळतो.

शोभेसाठी विरलेल्या शहापुरी साडीचा काठ खिशांच्या तोंडाला लावला. तो दिसतो छानच, पण त्याचा उपयोग जास्त: कार्ड काढताना-घालताना कागदाची कड तिथंच फाटते, ती आता शाबूत आहे. सोनेरी लेस आणि चमकी नको. चमकी कार्डांवर सांडते आणि लेसमध्ये लोकर अडकते.

शेजारच्या आक्का बघून म्हणाल्या, "काय गं, एवढ्या कागदाला एवढं करायलीस?" संक्रांतीला त्यांच्या नातवानं कन्नडमध्ये लिहिलेलं कार्ड आणून स्वतःच मधल्या खिशात ठेवलं. तेव्हापासून त्यांच्याही घरी एक हवाय. त्यांच्यासाठी चार खिशांचा करणार आहे, सगळ्यात खालचा नातवाच्या हाताला येईल इतका खाली.