ऐरोलीची फ्लेमिंगो बोट सफारी: भरती-ओहोटी बघूनच बुकिंग करा

आम्ही ठाणेकर पाहुणे आले की मासुंदा तलाव नाहीतर उपवन दाखवतो, खाडीकडे कुणाला नेतच नाही, आणि खरं सांगू का, ठाण्यात सगळ्यात भारी बघण्यासारखं तिथेच आहे. ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोलीला उतरायचं, रिक्षाने किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात जायचं, आणि तिथून बोट. २०१५ ला हे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, जवळपास १७०० हेक्टर, आणि २०२२ मध्ये रामसर यादीतही, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं.

बुकिंग करताना सुट्टी नाही, भरतीची वेळ बघा. पाणी खूप कमी असलं तर बोट चालणार कशी, आणि पूर्ण भरती असली की चिखल बुडतो मग फ्लेमिंगो खाणार काय, ते उठून दुसरीकडे जातात. पाणी उतरायला लागलेलं असताना गेलात तर दोन्ही बाजूला उघडा पडलेला चिखल आणि त्यावर गुलाबी पट्टाच्या पट्टा दिसतो.

जवळ गेल्यावर मी म्हटलं "काका, अजून थोडं पुढे घ्या ना", तर बोटवाले काका म्हणाले "नको, उडतील, इंजिन बंद करतो, बघत बसा". आणि खरंच, सगळी डोकी खाली, चोच उलटी करून चिखलपाणी गाळणं चालू, पायाने चिखल ढवळतायत, आणि तो बारीक चुळुकचुळुक आवाज येतो ना, तो कुठल्याच व्हिडिओत येत नाही. लहान जातीच्या फ्लेमिंगोची चोच गडद लालसर-काळपट, मोठ्या जातीच्याची गुलाबी आणि फक्त टोक काळं, एवढं लक्षात ठेवलं की ओळखता येतात. मधेच करडे दिसतात ती पिल्लं, गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो.

केंद्रातला तिवरांमधला लाकडी पूल अजिबात चुकवू नका, मुलं असतील तर आधी तिथेच न्या. खाली चिखलात निवट्या नावाचे छोटे मासे उड्या मारत असतात, आणि एकच नांगी मोठी असलेले छोटे खेकडे ती हलवत बसलेले. मुळांमध्ये अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या बघून मात्र फार वाईट वाटतं, भरती आली की आपल्याच नाल्यांतला कचरा तिथे जाऊन बसतो.

फेब्रुवारी-मार्च बेस्ट, पावसाआधी बरेचसे पक्षी कच्छकडे निघतात. दुर्बीण आणि टोपी घ्या, बोटीवर सावलीची खात्री धरू नका, आणि प्लीज मोबाईलवर गाणी लावू नका.